पांढरा कट्टा

घणाचा पहिला घाव काळ्या कडप्प्यावर बसला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पद्मावतीबाईंनी असा काही श्वास आत ओढला, की पाहणाऱ्याला वाटावं, घाव दगडावर नाही, त्यांच्या बरगडीवरच बसला!

दगडाला आडवा तडा गेला. धूळ उडाली. कडेवरच्या तीन वर्षांच्या ब्राह्मीनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि प्रियदर्शनीचं काळीज चरकलं. ती सासूबाईंकडं पाहत नव्हती, तरी तिला सारं दिसत होतं. दातांत धरलेलं पदराचं टोक, चौकटीवर टेकलेला हात, आणि डोळे… त्या डोळ्यांकडं मात्र पाहायचं धैर्य तिला होईना.

"थांबा जरा, ज्योतिबा," ती म्हणाली.

ज्योतिबा मिस्त्रीनं घण खाली टेकवला आणि टॉवेलानं तोंड पुसलं. "वैनी, आता थांबून काय उपेग? दगडाला एकदा तडा गेला म्हंजी गेला. आवं आक्का, तुमी भाईर बसा बघू. धुरळा जाईल डोळ्यांत."

"माझ्या डोळ्यांचं लय बघू नगंस तू!" पद्मावतीबाई एकदम तुटकपणे म्हणाल्या. "मार तू घण. माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई. मोडा, तोडा, काय करायचं ते करा."

त्या भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या खोलीत गेल्या. मार्केट यार्डाला निघालेला भरतेश गाडीची किल्ली हातात घेऊन तिथंच उभा होता. आईचा चेहरा त्यानं पाहिला, आणि तो बायकोजवळ येऊन हळू आवाजात, पण सुरी फिरवावी तसं म्हणाला, "झालं समाधान? आण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला कट्टा होता तो. पोरीकडं लक्ष द्यायला जमत नाही तुला, आणि स्वयंपाकघराची डिझाइनं करायला निघालीस!"

न बोलण्याची प्रियदर्शनीला वर्षभरात इतकी सवय झाली होती, की असे शब्द आता आत उतरायचे आणि तळाशी जाऊन बसायचे, विहिरीत टाकलेल्या खड्यांसारखे. तिनं फक्त ब्राह्मीच्या झबल्याची बाही खाली ओढली. खांद्यापासून कोपरापर्यंत गेलेला भाजल्याचा गुलाबी व्रण झाकला गेला… तिच्यापुरता तर तो कधीच झाकला जात नसे!

ह्या घरात चौका लावायची मोठी परंपरा होती. दिगंबर मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, आपल्या ओंजळीत आहार घेतात; चातुर्मासात महाराज सांगलीत असले, की श्रावकांच्या घरोघरी पहाटेपासून सोवळ्यानं, गाळलेल्या पाण्यात स्वयंपाक होतो, तोच चौका, आणि त्या स्वयंपाकात जाणारा डाळीतांदळाचा कण न् कण आधी डोळ्यांखालून घातला जातो. ह्यालाच सोधणं म्हणतात. एखादा जीव त्यात राहून गेला, तर आहार अशुद्ध आणि पाप देणाऱ्याच्या माथी! म्हणून ज्याला नीट दिसत नाही त्यानं आहार देऊ नये, असा दंडक. आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सोधावं ते पद्मावतीबाईंनीच. यजमान आण्णा गेल्यानंतर त्या बाईजवळ राहिलेला तेवढाच एक मान होता. दागिने त्यांनी लेकीसुनेला वाटून टाकले होते, दुकान लेकाच्या हवाली केलं होतं. चौका मात्र त्यांचा होता.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली ती सकाळ… दुसऱ्या दिवशी चौका होता. पद्मावतीबाईंनी उकळत्या पाण्याचं पातेलं पक्कडीनं उतरवून कट्ट्यावर ठेवलं. त्यांना वाटलं, ठेवलं. काळ्या कडप्प्याची काळी कड आणि खालची सावली, दोन्ही त्यांच्या डोळ्यांना एकच झाली होती. पातेलं अर्धं अधांतरी राहिलं. प्रियदर्शनी मोरीपाशी पाणी गाळत होती. तिनं वळून पाहिलं तेव्हा पातेलं कलत होतं, आणि खाली दोन वर्षांची ब्राह्मी कट्ट्याला धरून उभी होती!

ती किंकाळी प्रियदर्शनीच्या कानांत आजही तशीच होती.

भरतेश धावत आला होता. "कुणी ठेवलं? असं कडेला कुणी ठेवलं पातेलं?" त्यानं सारं घर डोक्यावर घेतलं. प्रियदर्शनीनं लेकीला नळाखाली धरलं होतं, आणि त्याही क्षणी तिची नजर सासूबाईंकडं गेली. पक्कड हातात तशीच, ओठ पांढरेफटक, आणि नजर रिकामी. त्या पातेल्याकडं पाहत नव्हत्या. पातेलं कुठं पडलं, ते शोधत होत्या! त्या एका क्षणात तिला सारं उमगलं. आणि आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आधीच ती बोलून गेली, "मी ठेवलं… माझं लक्ष नव्हतं."

"मोबाईलमध्ये डोकं असेल!" भरतेशनं निकाल दिला. जयसिंगपूरहून आलेल्या थोरल्या नणंदेनं, राजमतीवन्संनी, तो निकाल साऱ्या भावकीत पोचवला. साताऱ्याच्या कॉलेजात शिकलेली सून, बी.एस्सी.ची पदवी, आणि एक लेकरू सांभाळता येत नाही!

पंधरा दिवसांनी माहेरी जायचं निमित्त करून तिनं सासूबाईंना साताऱ्याला नेलं. सांगलीत कुणी ना कुणी पाहिलं असतं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. पद्मावतीबाई हात बटणावर ठेवून वाट पाहत राहिल्या… ठिपके येऊन जात होते आणि त्यांचं बोट हलत नव्हतं! डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही. थेंब चुकवले नाहीत तर उरलेली टिकेल. आणि जाता जाता म्हणाले, "घरात उजेड वाढवा. काळ्यावर काळं ठेवू नका. वस्तूची कड उठून दिसली पाहिजे त्यांना."

बाहेरच्या बाकावर सासूबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"भरतेशला सांगू नगंस. राजमतीला तर अजाबात न्हाई. तिच्या पोटात पाणी ऱ्हात न्हाई… माझ्या हातनं चौका गेला तर माझ्याकडं काय ऱ्हातंय गं? णमोकार म्हणून शब्द दे मला."

आणि प्रियदर्शनीनं शब्द दिला.

तेव्हा तिला वाटलं होतं, आपण केवढा त्याग केला! पुढं दिवस जाऊ लागले तसं तिच्या ध्यानात आलं, की त्या शब्दाची फेड आपण एकटीच करत नाही आहोत. कारण भरतेशनं एक नवा नियम काढला होता. "ब्राह्मी आईजवळ राहू दे. तुझ्यापेक्षा आईच्या नजरेखाली बरी." त्या नजरेखाली! प्रियदर्शनी कपडे वाळत घालताना, दळण आणायला जाताना, न्हाणीत असताना कान टवकारून असे. बाहेरच्या खोलीपासून कट्ट्यापर्यंत अकरा पावलं होती आणि मध्ये एक भिंत. रोज वीसदा ती ती पावलं धावे. हा त्याग आहे, की माझ्या लेकराच्या जिवावर मी मोठेपणा मिरवते आहे? ह्या प्रश्नानं तिचं अंतःकरण कुरतडून निघे… पण दिलेला शब्द ओठांपाशी येऊन अडे.

म्हणून तिनं स्वयंपाकघराचा हट्ट धरला. लग्नानंतर सात वर्षांत तिनं धरलेला हा पहिला हट्ट. माहेरचं स्त्रीधन होतं, ती म्हणाली, मला एवढं एक करू द्या.

मग घरात जो तो आपली आवड घेऊन बसला. राजमतीवन्सं फोनवर फोटो धाडू लागल्या. "आमच्या जयसिंगपुरात आता सगळ्यांनी राखाडी केलंय बघ. मॅट. खाली काळा ग्रॅनाइट. बोटांचे डाग दिसत न्हाईत." भरतेशला लाकडासारखा दिसणारा तपकिरी रंग हवा होता, त्याच्या मित्राकडं तसा होता. आणि प्रियदर्शनीनं मागितला तो कट्टा दुधासारखा पांढरा, त्याच्या कडेनं चार बोटं रुंद काळी पट्टी, कोपरे गोलसर, वरच्या कपाटांखाली सलग पिवळे दिवे, आणि ट्रॉल्यांच्या मुठी चांगल्या ठसठशीत, काळ्या. ह्याशिवाय बाहेरच्या खोलीच्या बाजूची भिंत छातीइतक्या उंचीपासून वर फोडून त्यात सरकती काच.

ज्योतिबानं कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "वैनी, ही खिडकी हाय का दार? खिडकी म्हणावं तर म्हैस जाईल हिच्यातनं!"

"खिडकीच आहे."

"आणि ही काळी किनार? कट्ट्याला काय इरकली नेसवताय व्हय?"

सगळे हसले. पद्मावतीबाई हसल्या नाहीत. त्यांना त्या चित्रात एकच गोष्ट समजली होती, भिंत फोडणार. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर त्या सुनेला एकटीला गाठून म्हणाल्या, "भिंत फोडून माझ्यावर पाळत ठेवणार व्हय गं तू?"

"आई… तसं नाही…"

"मग कसं? बोल की. पोरीला मी पुन्हा भाजवीन म्हणून भ्या वाटतंय तुला. खरं का न्हाई?"

प्रियदर्शनीची मान खाली गेली. ते खरं होतं. निम्मं खरं होतं! ती पाळत होतीच, आणि ती माया होती. पण ह्या दोन्हींची गाठ कुठं सुटते, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"मी ह्या घरात आले तवा चूल भुईवर हुती," पद्मावतीबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दुखावलेला, दूरवरचा झाला होता. "ह्यांनी कडप्प्याचा कट्टा बांधला, तवा माझ्या सासूनं दोन दिस अन्न घेतलं न्हाई. उभ्यानं रांधल्यालं अंगाला लागत न्हाई म्हणायच्या. आख्खी गल्ली बघायला आलती कट्टा. फळांच्या परडीच्या चित्राच्या त्या टाइल्स मी सोता निवडून आणल्या कापडपेठेकडनं… मला त्यातली द्राक्षं लय आवडायची. आता दिसत न्हाईत म्हणा. पर हात लावला की कळतंय, इथं द्राक्षं हायत."

त्या रात्री प्रियदर्शनी अश्रूंनी उशी भिजवत राहिली, पण काम थांबवलं नाही.

महिन्याभरात नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. बघायला आलेल्या बायका तोंडावर छान म्हणाल्या आणि पायरी उतरल्यावर दवाखाना म्हणाल्या. पद्मावतीबाई नव्या कट्ट्यापाशी गेल्याच नाहीत. जिथं जुन्या कट्ट्याचा कोपरा होता तिथं त्या खाली भिंतीला टेकून बसत, जुनी पितळी परात मांडीवर घेऊन डाळ सोधत, आणि कुणी वर बोलावलं तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या. डाग पडंल पांढऱ्याला." त्यांचं जेवण उणावलं. त्या अशक्त दिसू लागल्या, आणि घरातल्या प्रत्येकाची नजर प्रियदर्शनीवर येऊन थांबू लागली.

चातुर्मास आला. महाराज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्कामी होते. ह्या घरचा चौका ठरला, आणि राजमतीवन्सं आदल्या दिवशीच मदतीला येऊन दाखल झाल्या. आल्या आल्या त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "अगंबाई! चौक्याला आडोसा नको का? हॉटेलात कसं असतंय, डोशाचा तवा बाहेरनं दिसतोय, तसं केलंय की हे!"

"पांढरा पडदा शिवलाय, वन्सं. चौक्याच्या वेळी लावायचा."

"सगळं पांढरंच तुला सुचतंय." त्यांनी आईच्या पुढ्यातली मुगाची परात उचलली. "सोधून झाले का हे?"

सकाळी दोन तास पद्मावतीबाई ते मूग घेऊन बसल्या होत्या. त्या आत जप करायला गेल्या, की आपण गुपचूप एकदा नजर घालायची, असं प्रियदर्शनीनं ठरवलं होतं. पण ब्राह्मी झोपेतून उठून रडू लागली आणि ते राहून गेलं. "वन्सं, तेवढे मूग जरा—"

पण राजमतीवन्संनी परात कट्ट्यावर कलती केली होती. मूठभर हिरवे मूग पांढऱ्या दगडावर घरंगळले. आणि त्या मुगांतून एक काळा किडा बाहेर आला. जिवंत! इवल्या पायांनी तो त्या शुभ्र कट्ट्यावरून चालू लागला, आणि पसरलेल्या त्या उजेडात त्याला लपायला एवढीशीही सावली नव्हती.

"जिनेंद्रा!" राजमतीवन्सं ओरडल्या. "सोधलेल्या मुगात किडा! उद्या ह्याच मुगाची आमटी महाराजांच्या ओंजळीत… भरतेश, अरे ये इकडं, बघ! कुणी सोधले हे मूग?"

भरतेश आला. पद्मावतीबाई कोपऱ्यातून उठून उभ्या राहिल्या. आणि त्या क्षणात प्रियदर्शनीला वर्षापूर्वीची ती सकाळ पुन्हा समोर उभी राहिलेली दिसली. तेच मायलेक, तोच प्रश्न… तिचे डोळे भरून आले.

"मी सोधले," ती म्हणाली. "माझीच नजर चुकली."

"मला वाटलंच!" राजमतीवन्सं कडाडल्या. "आईनं जन्मभर मिळवलेलं नाव तू एका वर्षात धुळीला मिळवणार!"

भरतेश ओरडला नाही, आणि त्याचं ते न ओरडणंच जास्त भयंकर होतं. "उद्या तू चौक्याला हात लावायचा नाहीस," तो शांतपणे म्हणाला. "दुपारच्या गाडीनं साताऱ्याला जा. चार महिने माहेरी राहा. ब्राह्मी इथंच राहील. आईजवळ."

"नाही!" तो शब्द तिच्या तोंडून नव्हे, पोटातून आला. "काय हवं ते बोला, मी जाते, कायमची जाते म्हणा… पण ब्राह्मीला इथं ठेवून नाही. पाया पडते तुमच्या. तिला आईंजवळ नका ठेवू!"

"का? आईजवळ ठेवायला काय झालं?"

भिंतीला पाठ लावून, पोरीला छातीशी गच्च धरून ती उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. दिलेला शब्द एका बाजूला आणि लेकरू दुसऱ्या बाजूला! असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

पद्मावतीबाई पुढं आल्या. कट्ट्याच्या काळ्या पट्टीला त्यांचे हात लागले, आणि त्या थांबल्या. पहिल्यांदाच त्या ह्या कट्ट्यापाशी आल्या होत्या. त्या वाकल्या. अगदी जवळ, नाक दगडाला लागेल इतक्या. तो किडा अजून चालत होता.

"दिसतोय की," त्या पुटपुटल्या. "ह्याचं पाय दिसाय लागल्यात मला…"

त्यांनी काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि डोक्यावरच्या दिव्यांकडं मान वर केली. काय उमगलं, ते कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच ते वाहू लागलं.

"हे सारं माझ्यासाठी केलंस व्हय गं, पोरी?"

"आई, तुम्ही बसा… चक्कर येईल…"

"मूग हिनं न्हाई सोधलं," पद्मावतीबाई लेकाकडं वळून म्हणाल्या. "मी सोधलं. परातीत बोटं फिरवत हुते, दिसत काय बी नव्हतं. मला दिसत न्हाई, भरतेश. वरीस झालं. साताऱ्याच्या डागदरनं सांगितलंय, काचबिंदू."

"आई! काय बोलतेस?" राजमतीवन्सं मटकन खाली बसल्या.

"बोलू दे मला! वरीसभर जीभ टाळूला चिकटली हुती, आज सुटलीय, तर बोलू दे…" त्यांनी दोन्ही हातांनी कट्टा धरला होता. "ते पातेलंबी मीच ठिवलं हुतं. माझ्या नातीला मी भाजवलं. आणि ही, ही पोर म्हणाली, मी ठिवलं! मी ऐकलं, आणि मी गप ऱ्हायले. उद्या सांगीन, उद्या सांगीन… चौका झाला की सांगीन… मानाचा लोभ सुटंना मला. तू तिला रोज बोलायचास, मी आतनं ऐकायची, आणि जप करत बसायची! कसला जप त्यो? महाराजांच्या ओंजळीत शुद्ध आहार घालणारी मी, आणि माझ्या घरात ही लेक रोज विषाचा घास गिळत हुती…"

त्या कोसळल्या. प्रियदर्शनीनं ब्राह्मीला खाली ठेवून त्यांना सावरलं. सासूनं सुनेच्या पायांकडं हात नेला, तेव्हा ती तिथंच खाली बसली आणि तिनं ते हात आपल्या कपाळाला लावून घेतले. दोघी धाय मोकलून रडू लागल्या. ब्राह्मी एकदा आईकडं, एकदा आजीकडं बघत राहिली.

भरतेशचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तू… तू सांगायचं होतंस मला."

प्रियदर्शनीनं वर पाहिलं. वर्षभरात प्रथमच तिनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती म्हणाली. "कुणी ठेवलं, ते विचारलंत. कसं झालं, ते एकदाही नाही विचारलंत."

तो वळला, कागदाचा एक तुकडा घेऊन त्यानं तो किडा अलगद त्यावर चढवला, आणि परसातल्या जास्वंदीपाशी नेऊन सोडला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बायकोपाशी गुडघे टेकून त्यानं हळूच ब्राह्मीची बाही वर केली, आणि त्या व्रणावर तळहात ठेवून तो नुसताच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी चौका लागला. नवे मूग प्रियदर्शनीनं सोधले, पांढऱ्या कट्ट्यावर, एकेक दाणा सरकवत; राजमतीवन्सं शेजारी बसून मुकाट्यानं तांदूळ सोधत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "उजेड चांगला पडतोय गं ह्या दिव्यांचा," आणि लगेच नाक पुसत उठून गेल्या.

महाराज निघायची वेळ झाली. गल्लीतल्या दारोदारी माणसं सोवळ्यात उभी राहिली. पद्मावतीबाई न्हाऊन, शुभ्र पातळ नेसून आल्या होत्या. भरतेशनं श्रीफळ ठेवलेला कलश आईपुढं केला, गेली कितीतरी वर्षं तो त्यांच्याच हाती असे. त्यांनी तो घेतला, एकदा कपाळाला लावला, आणि सुनेच्या हातांत दिला.

"आई, अगं एक दिवस…" राजमतीवन्सं मध्येच म्हणाल्या. "शेवटचा एक दिवस दे की तू आहार."

"एक दिस, एक दिस म्हणतच वरीस गेलं, बाळा. जिला दिसतं तिनं द्यावं."

त्या मागं सरकून भिंतीशी उभ्या राहिल्या. आयुष्यभराचा मान त्यांनी असा, भाजीची पिशवी कुणाच्या हातात द्यावी तितक्या साधेपणानं देऊन टाकला होता. पण त्यांची हनुवटी थरथरत होती, आणि ते फक्त प्रियदर्शनीला दिसलं.

महाराज आले. एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हातात कमंडलू, खाली नजर. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" दारोदारीचे आवाज उठले. महाराज ह्या दारापाशी क्षणभर थांबले. कलश प्रियदर्शनीच्या हातांत जड झाला… आणि महाराज पुढं गेले. मनात धरलेली खूण दिसेल त्याच दारी महाराज आहार घेतात, आणि आज कुठला नियम धरून ते निघाले होते, कोण जाणे! पुन्हा एकदा त्यांनी गल्लीतून फेरी घेतली, पुन्हा ह्या दारावरून गेले, आणि कोपऱ्यावरच्या घरापुढं थांबले. तिकडं जयजयकार झाला.

प्रियदर्शनीला वाटलं, आभाळ अंगावर आलं. "माझ्यामुळं…" ती कशीबशी म्हणाली. "आई, तुमच्या हातात कलश असता तर…"

"गप. महाराजांचा नियम महाराजांला ठावं." पद्मावतीबाईंनी चाचपडत तिचा दंड धरला. "आहार शुद्ध हाय न्हवं? मग वाया जात न्हाई. आत चल."

कोपऱ्यावरच्या घरी महाराजांचा आहार निर्विघ्न झाल्याची वर्दी आली, तशी घरच्यांची पानं मांडायची वेळ झाली. पद्मावतीबाईंनी स्वतः पाट घातला. भरतेश बसायला लागला, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं. "तू न्हाई. ती."

"मी? आई, मी वाढते, तुम्ही बसा—"

"बस म्हणते न्हवं! ह्या घरात पैला घास आजपातूर तुला कुणी वाढला न्हाई."

प्रियदर्शनी पाटावर बसली. समोरचं ताट तिला नीट दिसेना, डोळे इतके भरले होते. भरतेश ब्राह्मीला घेऊन दारात उभा होता, मदतीला पुढं व्हावं की नको, हे न कळून. पद्मावतीबाईंनी भात वाढला. थोडा ताटात पडला, थोडा ताटाबाहेर. मग त्यांनी मुगाच्या आमटीचा डाव भरला. तो हवेत अडखळत, अंदाज घेत खाली येऊ लागला, आणि वाटीच्या बराच डावीकडं आला. प्रियदर्शनीनं हलकेच, आवाज होऊ नये अशा बेतानं, वाटी त्याच्याखाली सरकवली.

डाव थांबला. फरशीवर झालेली ती बारीकशी खरखर पद्मावतीबाईंनी ऐकली होती.

"वाटी सरकवलीस?"

प्रियदर्शनीची बोटं अजून वाटीवरच होती.

"सरकवू नगंस, पोरी. लय सरकवलंस माझ्यापायी… ठेव जागच्या जागी. आणि कुठं हाय, ते तोंडानं सांग मला."

प्रियदर्शनीनं वाटी परत जागेवर ठेवली. दारात भरतेशनं ब्राह्मीला गच्च जवळ धरलं.

"उजवीकडं, आई," ती म्हणाली. आवाज फाटत होता, पण ती मोठ्यानं, साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली. "अजून थोडं… अजून… आता खाली. हां. तिथंच."